मागं न घेतलेली गाडी

चिखलात पळणारी आणि डांबरावर अडणारी गाडी मी आयुष्यात एकच पाहिली, आणि ती माझीच होती. आज हातपाय थकलेत, डोकं शाबूत आहे असं मी तरी समजतो. तरीपण त्या चार महिन्यांत काय झालं आणि मी तसं का वागलो, याचा उलगडा मला अजून नीट होत नाही. माझी शाळा दुसरीपर्यंत. तिसरीत मास्तर म्हणाले हात पुढं कर, मी केला नाही, आणि शाळा सुटली ती सुटलीच. तेव्हा वाचणाऱ्यानं ऱ्हस्व-दीर्घाकडं बघू नये, गाडीकडं बघावं.

आमचं गाव कामशेतपासून कोसभर आत. भाताची खाचरं आणि एक बैलजोडी, एवढा माझा पसारा. पांढरा बैल उजव्या अंगाला, तांबडा डाव्या. दोघांनाही माझ्या मंडळीनं, म्हणजे बायकोनं, वासरं होती तेव्हापासून वाढवलेलं. लढाईच्या सालांत मुंबई-पुणे सडकेवरून लष्कराच्या गाड्यांच्या रांगा जायच्या. बैलगाडीवाल्यानं कडेला उतरायचं आणि रांग सरेपर्यंत धूळ खात उभं राहायचं. एका पावसाळ्यात मी गवताचे भारे घेऊन लोणावळ्याला निघालो होतो. मागून एक बुटकी, बिनछपराची गाडी आली आणि आमच्या तिघांच्या अंगावर चिखल उडवून गेली. आत बसलेला गोरा हसला. मला हसला की आपल्याच कशाला हसला, कुणाला ठाऊक. पण मी तिथल्या तिथं मनात धरलं, की असल्या गाडीत आपण बसायचं, आणि हाकायचीही आपणच.

लढाई संपली. त्या गाड्यांना कोणी वाली उरला नाही. देहूरोडच्या बाजूला एका मोकळ्या मैदानात त्या ओळीनं उभ्या केल्यात आणि बोली लावून विकतात, अशी बातमी कामशेतच्या बाजारात आली. माझ्याकडं रोख काही नव्हतं. वराळ्याला माझी बहीण दिलेली. तिचा नवरा, म्हणजे आमचे दाजी, बरा पैसा बाळगून होते. त्यांच्या मनातही गाडी होती, पण बोली लावायची छाती नव्हती. त्यांचं-माझं असं ठरलं, की पैसा त्यांनी द्यायचा आणि त्याबदली माझी जोडी त्यांच्या दावणीला जायची. भादव्याच्या पोळ्यापर्यंत सौदा कच्चा. पोळ्याच्या आदल्या दिवशी, बैलांचे खांदे हळद-तुपानं मळतात त्या खांदेमळणीला, मी यायचं. गाडी नको असेल तर ती त्यांना देऊन जोडी न्यायची. गाडी ठेवायची असेल तर जोडी कायमची त्यांची. दोन्ही मिळायचं नाही.

मंडळीला मी हे जोडी निघायच्या दिवशी सांगितलं. तिनं तांबड्याच्या तोंडावरून हात फिरवला, आत गेली, आणि आतूनच म्हणाली, "खांदेमळणीला माजी जोडी दारात पायजे. हळदीचा हात मी दुसऱ्याच्या बैलाला लावनार न्हाई."

मी म्हणालो, बघू.

मैदानावर गेलो तर पन्नास-साठ गाड्या, एकाच रंगाच्या, एकाच तोंडाच्या. जनावर बघायची माझी एक रीत आहे. आधी लांबून बघायचं, मग मागून, मग दात. इथं दात कुठं बघायचे? मी एकीचं इंजनावरचं टोपण उघडून बघितलं, चाकांवर थापा मारल्या, खाली वाकून पोट बघितलं. स्टेरिंग डाव्या बाजूला होतं, ते मला शुभ की अशुभ कळेना. बैलात कपाळावरचा भोवरा बघतात, तसं हिच्या कपाळावर एक पांढरी चांदणी रंगवलेली होती. चांदणी चांगली, असं मी धरलं.

आमच्याकडं जनावराचा भाव उपरण्याखाली बोटांनी होतो. घेणारा आणि देणारा, दोघांनाच ठाऊक. इथं एक साहेब टेबलावर उभा राहून आकडे ओरडत होता आणि लोक सगळ्यांदेखत उलटे ओरडत होते. मला लाज वाटली. चांदणीवालीची पाळी आली तेव्हा मी एकदाच ओरडलो. माझ्यावर कोणी ओरडलंच नाही. साहेबानं टेबलावर हातोडी आपटली आणि गाडी माझी झाली. इतरांनी बोली का लावली नाही, हे मला तेव्हा कळलं नाही आणि आजही नाही. तिच्यात त्यांना काही खोट दिसली असेल, नाहीतर माझ्या तोंडाकडं बघून ते गप्प बसले असतील.

लष्करातून सुटलेला एक पंजाबी ड्रायव्हर तिथंच मैदानात नव्या मालकांना गाडी शिकवायचा. त्यानं मला दोन दिवस शिकवलं. पुढं जायचे गिअर मी पहिल्याच दिवशी उचलले. मोठ्या दांड्याच्या शेजारी दोन बुटके दांडे होते. त्यातल्या एकाला हात लावून तो म्हणाला, हा टाकला की पुढची चाकंही ओढतात, हा चिखलासाठी. एवढं मी ऐकलं. पुढंही तो काहीतरी म्हणत होता, पण तेव्हा मी पुढच्या चाकांचाच विचार करत होतो. म्हणजे एरवी पुढची दोन चाकं नुसती बरोबर चालतात? बैल कुठं दोन पायांवर चालतो? मी तो दांडा टाकला आणि म्हटलं, चार पाय दिलेत तर चारही चालू देत.

दुसऱ्या दिवशी तो मागचा गिअर शिकवायला लागला. मी त्याला सांगितलं, हा मला नको. आमच्यात निघालेली गाडी मागं घेत नाहीत. जू ठेवलं, गाडीनं उंबरठ्यासमोरून पाऊल टाकलं, की काही विसरलं तरी माणूस आत धावतो, गाडी मागं येत नाही. माझ्या बापानं घेतली नाही, आज्यानं घेतली नाही. पंजाबी हसला, म्हणाला जैसी आपकी मर्जी.

ज्येष्ठाच्या भर पावसात गाडी घरी आणली. आषाढात भात लावायच्या आधीची चिखलणी आली. सडकेच्या कडेचं मोठं खाचर होतं, त्यात मी गाडी घातली. मागं फळी बांधली. गाव बांधावर येऊन उभं राहिलं होतं, तमाशा बघायला. आणि काय सांगावं, गाडी त्या गुडघाभर चिखलात अशी चालली, की जणू तिचा जन्म भाताच्या खाचरातला. चारही चाकं चिखल उडवतायत, फळी सपाट चाललीय, आणि मी डावीकडं बसून हाकतोय. त्या गोऱ्याची मला आठवण झाली. मी पण हसलो. वरच्या बारक्या खाचरांत मात्र गाडी जायला वाट नव्हती. तिथं मंडळीनं आणि थोरल्या भावानं उसनी जोडी आणून चिखलणी केली. ते मी त्या वेळी मोजत नव्हतो.

खाचरातून निघालो तो तसाच सडकेला लागलो. आता लोणावळ्याला दूध न्यायचं, बंगल्यांवर सामान पोचवायचं, असं कामही मिळालं होतं. पाऊस धोधो होता, गाडी पळत होती. आठ दिवस पळाली. मग उघडीप पडली, ऊन आलं, सडक वाळली, आणि गाडी रुसली.

रुसली म्हणजे कशी ते सांगतो. सरळ वाटेला धापा टाकत चालायची. वळण आलं की स्टेरिंग हातात दगडासारखं व्हायचं. दोन्ही हातांनी ओढावं तेव्हा कुठं तोंड फिरायचं, तेसुद्धा चाकं किंचाळत, उड्या मारत. पोटातून कुरकूर यायची. मी उतरून बघायचो, कुठं काही मोडलेलं नाही. पुन्हा पाऊस पडला की पुन्हा हलकी. मला काही समजेना. एकच गाडी, एकच मालक, तेच पेट्रोल.

बराच विचार करून मी निष्कर्ष काढला, की जनावर थंड मुलखातलं आहे, त्याला आपलं ऊन सोसत नाही. मग मी टोपणावर ओली पोती टाकायला लागलो. वळणापाशी थांबून चाकांवर बादलीभर पाणी ओतायचो. आणि नवल असं, की पाणी ओतल्यावर वळण थोडं सोपं जायचं. त्यामुळं माझी खात्रीच पटली. पण मग दुपारी सावलीत उभी केली, गार झाली, तरी निघताना तशीच जड. हे का? सासूबाईंनी कुणाची नजर लागली असेल म्हणून बिब्बा बांधायला सांगितला. बांधला. दोन महिन्यांत चाकांच्या नक्ष्या पार झिजून टक्कल पडलं. बैलाला नाल मारावी तर ती सहा महिने जाते, आणि हे रबर दोन महिन्यांत खलास.

दांडा मात्र टाकलेलाच होता. एकदा उगीच काढून बघावा म्हटलं, तर तो निघेचना. घट्ट बसलेला. मी समजलो, तो कायमचा असतो.

मागं न घेण्याचा एक त्रास होता. गावात शिरल्यावर तोंड फिरवायचं कसं? मग मी मारुतीच्या देवळाला वळसा घालून गाडी फिरवायचो. रोज दोनदा, कधी चारदा. गावातल्या टारगटांनी बोलायला सुरुवात केली, की आबाची गाडी लय देवभोळी, प्रदक्षिणा घातल्याबिगर घरी जात न्हाई. मला तेव्हा चाळीसही झाली नव्हती, तरी मला आबा म्हणायचे, ते या प्रदक्षिणांमुळंच.

लोणावळ्याच्या बाजारात एक मुसलमान मिस्त्री होते. मोटारींची कामं करायचे, मी त्यांना चाचा म्हणायचो. त्यांच्याकडं मी तेल बदलायला जायचो, पण दुखणं सांगायचो नाही. आपल्या जनावराचं दुखणं परक्याला सांगायचं म्हणजे आपल्याला हाकता येत नाही असं कबूल करायचं. श्रावणात ते कामशेतला कुणाकडं तरी लग्नाचं बोलायला आले होते, तिथून वाकडी वाट करून आमच्या घरी चहाला आले. दारात गाडी उभी होती. ते गाडीभोवती एक फेरी मारून आले, चाकांवर हात फिरवला, आत वाकून बघितलं, आणि ओसरीवर येऊन बसले. मंडळी उंबऱ्यात भाजी निवडत बसली होती.

"भाऊ," चाचा म्हणाले, "ह्यो दांडा कवापासून टाकलाय?"

मी म्हणालो, घेतल्यापासून.

त्यांनी कपाळावर हात मारला नाही की काही नाही. चहा बशीत ओतला, फुंकला, आणि म्हणाले, "तुमी बैल हाकलेत ना? वळणावर भाइरचा बैल जास्ती चालतो का आतला?"

"भाइरचा."

"आतला धरून ठिवता, भाइरचा सोडता. व्हय ना? आता दोगांचं पाय एकमेकाला बांदून वळवा बरं."

ते सांगत राहिले, की हा दांडा टाकला की पुढची नि मागची चाकं एकमेकांना बांधली जातात. वळणावर पुढच्यांना जास्त चालायचं असतं, मागच्यांना कमी. चिखलात आणि ओल्यात चाकं घसरून आपसांत मिटवून घेतात. कोरड्या डांबरावर त्यांना घसरता येत नाही, मग आत पीळ बसत जातो, दोरीला बसतो तसा. दांडा काढा. पिळामुळं निघत नसेल तर गाडी धा-पंधरा हात मागं घ्या. पीळ सुटंल, दांडा आपसूक येईल.

मी म्हणालो, "निघालेली गाडी आमी मागं घेत न्हाई."

"मग कुणी घ्यावी? म्या घेतो, तुमी तिकडं तोंड करून बसा."

मंडळी भाजीत बघून हसली. तेवढ्यानं माझं डोकं फिरलं. चाचांना मी सांगितलं, की गाडी माझी आहे, तिला ऊन सोसत नाही एवढंच तिचं दुखणं आहे. ते बरं म्हणाले, चहा संपवला आणि गेले. त्यांना राग आला नव्हता हे मला त्यांच्या चालण्यावरून कळलं, आणि त्याचाच मला जास्त राग आला.

आता खरं सांगायचं तर चाचांचं बोलणं मला त्याच वेळी पटलं होतं. वीस वर्षं मी बैल हाकत होतो, मला पटणार नाही तर कुणाला? पण पटलेलं माणूस का करत नाही, हे मला सांगता येणार नाही. त्यानंतर महिनाभर मी त्या दांड्याकडं बघायचं टाळलं. वळणावर बादली ओतत राहिलो.

भादवा आला, पोळा आला. आदल्या दिवशी सकाळी मी मंडळीला म्हणालो, चल, वराळ्याला जाऊ. ती नवं लुगडं नेसली आणि दोन नवे कासरे गुंडाळून पिशवीत घातले. मी ते बघितलं. माझा बेत वेगळा होता. गाडी दिमाखात दाजींच्या दारात न्यायची, सगळ्या वराळ्यादेखत, आणि सांगायचं, की गाडी मी ठेवतो. जोडीचं नाव काढायचं नाही. मंडळी काय म्हणेल ते नंतर बघू. ती कासऱ्यांची पिशवी मांडीवर घेऊन शेजारी बसली आणि आम्ही दोघं एकाच गाडीत दोन निरनिराळ्या कामांना निघालो.

ऊन कडक पडलं होतं. आठ दिवसांत थेंब नव्हता, सडक वाळून पांढरी झालेली. कामशेतच्या बाजारातली दोन वळणं घेताना गाडी एवढी किंचाळली की माणसं दुकानाबाहेर आली. कान्हे गावाच्या अलीकडं एक चढ आहे आणि चढावरच वळण. तिथं मी स्टेरिंग ओढलं, पोटात काहीतरी करकरलं, इंजनानं दोन आचके दिले आणि बंद. मी उतरून हँडल मारलं. सुरू झालं. गिअर टाकला की पुन्हा बंद. चाकं जागच्या जागी रोवल्यासारखी. बादली ओतली. काही नाही.

मंडळी खाली उतरली. इकडंतिकडं बघितलं, सडकेवर कोणी नव्हतं. म्हणाली, "मागं घ्या."

"काय?"

"चाचा म्हनलं व्हतं. धा-पंधरा हात."

मी म्हणालो, तुला गाडीतलं काय कळतं. ती म्हणाली, गाडीतलं काही कळत नाही, पण चाचांनी सांगितलेलं ऐकू आलं होतं, ते काही इंग्रजीत बोलत नव्हते. मी म्हणालो, आज सणाचा आदला दिवस, आज तर मुळीच मागं घेणार नाही. तिनं पिशवी काखेत मारली.

"मग तुमी बसा गाडीपाशी. मी माझी जोडी आनायला चालले." आणि ती वराळ्याच्या दिशेनं चालू लागली. नवं लुगडं, ऊन, आणि चाल अशी, की जणू मी मागं नाहीच.

मी बसून राहिलो. किती वेळ, माहीत नाही. ती वळणापलीकडं दिसेनाशी झाली. तेव्हा माझ्या मनात काय काय आलं ते एकावर एक आलं, त्यातलं कुठलं खरं ते मला धरता आलं नाही. बाप आठवला. त्याची गाडी एकदा ओढ्यात रुतली होती, तेव्हा त्यानं बैल सोडून स्वतः खांदा दिला होता, पण मागं घेतली नव्हती. मग मनात आलं, मागं घेतली नाही की मागं येत नव्हती? मागं येत असती तर त्यानं घेतली असती का? हे त्याला विचारायला तो नव्हता. मग मनात आलं, आपण नेमके कुणाला दाखवतोय? सडक रिकामी होती. एक कावळा होता.

मी पुढंमागं बघितलं, कोणी नाही याची खात्री केली, आणि मागचा गिअर टाकला. माझा हात त्या जागी कधी गेला नव्हता, तो चाचपडत गेला. गाडी हलली. एक हात, दोन हात, पाच हात. पोटातून एकापाठोपाठ एक गाठी सुटाव्यात तसा आवाज आला. मी मान वळवून मागं बघत होतो आणि सगळं जग उलटं सरकत होतं. पंधरा हात झाल्यावर मी थांबलो आणि त्या बुटक्या दांड्याला दोन बोटं लावली. तो खट करून आला. जोर लावावाच लागला नाही.

पुढं घेतली तर गाडी फुलासारखी. वळण असं घेतलं की स्टेरिंग एका हातानं फिरलं. एवढे महिने मी जे ओढत होतो ते गाडीचं ओझं नव्हतंच. मला आनंद व्हायला पाहिजे होता. झालाही असेल. पण आधी मी मान वळवून मागची सडक रिकामीच आहे ना ते बघितलं.

मंडळीला गाठलं ते टेकडी उतरल्यावर. मी थांबलो, ती चढून बसली. ती गाडीचा आवाज ऐकत होती, हे मला कळत होतं. वराळ्यापर्यंत दोन वळणं लागली, दोन्ही मी मुद्दाम हळू घेतली.

वराळ्यात सगळी माणसं इंद्रायणीच्या काठावर होती, बैल धुवायला. मी गाडी घाटाच्या तोंडापर्यंत नेली. दाजी गुडघाभर पाण्यात उभे होते. गाडीचा सूर ऐकून वर आले, गाडीभोवती फिरले, आणि त्यांच्या तोंडाला पाणी सुटलेलं मला दिसलं. मला पाहिजे होतं तसंच सगळं जमून आलं होतं. चार माणसं गोळा झाली होती. आता फक्त म्हणायचं होतं, की गाडी मी ठेवतो.

तेवढ्यात दाजी म्हणाले, "पाव्हनं, तुमी जिकला. पन तुमची जोडी म्हंजे निस्ती दावनीला शोभा. येक आत वडतो, दुसरा भाइर वडतो. सबंद भाताची आवनी भांडनात गेली. असली बैलं तुमी हाकली तरी कशी?"

माझी जोडी आणि भांडते? मी पाण्यात उतरलो. मंडळी माझ्याआधी उतरली होती, नव्या लुगड्यासकट. पांढऱ्यानं तिचा हात ओळखला आणि मान लांब केली. तांबडा तसाच उभा होता, मान वाकडी करून. ती त्याच्या मानेवर पाणी घालत होती आणि मधेच थांबली. जुवाची खुंटी, शिवळ, घासून मानेच्या एका अंगाला तळहाताएवढी जखम झाली होती. जुनी, सुकून पुन्हा उखडलेली.

मी दाजींना विचारलं, "तांबडा कुटल्या अंगाला जुपता?"

"उजव्या."

"तो डावीचा हाय."

"आता दोन बैल, दोन बाजू. त्याला काय लिवनं लिवलंय का?"

लोक हसले. मीही हसायला तोंड उघडलं होतं, पण हसू आलं नाही. डावीचा बैल उजवीला जुंपला तर तो पहिल्या दिवसापासून शेवटपर्यंत बाहेर ओढणार, आणि दुसरा आत, हे आमच्यातलं शेंबडं पोर सांगेल. दाजींना ठाऊक नव्हतं. त्यांनी मला विचारलं नाही, आणि जोडी सोपवताना सांगायचं माझ्या जिभेवर आलं नव्हतं, कारण त्या दिवशी मी गाडीच्या धुंदीत होतो. आता वाटतं, तांबड्याला काय वाटलं असेल? पाऊस असो, ऊन असो, रोज सकाळी चुकीच्या बाजूला.

मंडळी माझ्याकडं बघत होती. तिच्या हातात पिशवीतला नवा कासरा होता, पण तो तिनं बांधला नव्हता. तो बांधायचा की नाही हे माझ्यावर होतं.

"दाजी," मी म्हणालो, "गाडी तुमची. जोडी मी नेतो."

दाजींना खरं वाटेना. त्यांना वाटलं गाडीत काही खोट आहे. ते म्हणाले, एवढी हलकी चालतीय आणि देता कशाला, आतून काय मोडलंय ते तरी सांगा. आता मला सांगणं भाग होतं. नाही सांगितलं असतं तर वराळ्याच्या चिखलात त्यांनी तो दांडा टाकला असता, आणि पुढचं मला ठाऊक होतं. सांगायचं तर या सगळ्यांसमोर. मी नदीकडं बघून बोललो.

"बारका दांडा चिखलापुरताच टाकायचा. सडकेला लागलं की काढायचा. निघाला न्हाई तर गाडी मागं घ्यायची, धा-पंधरा हात."

"मागं?" दाजी म्हणाले. त्यांच्याही घरात तोच रिवाज होता. "निघालेली गाडी?"

"व्हय."

"तुमी घेतली?"

मंडळी खाली वाकून तांबड्याचे खूर धुवायला लागली. लोक ऐकत होते.

"घेतली," मी म्हणालो. "आज."

कोणी हसेल असं मला वाटलं होतं. हसलं नाही कोणी. एक म्हातारा एवढंच म्हणाला, की मोटारीला कुठं देव बघतो.

बहिणीनं जेवू घातलं आणि आम्ही दुपारीच निघालो, दोन माणसं, दोन बैल, चालत. पांढरा उजवीकडं, तांबडा डावीकडं, जू नसतानाही ते आपापल्या जागेवर लागले. कान्ह्याच्या वळणावर आलो तर गाडीच्या चाकांचे काळे ओरखडे सडकेवर तसेच होते, पुढं येणारे आणि मागं गेलेले. मंडळीनं ते बघितले. मी समजलो आता बोलेल. तिनं तांबड्याच्या पाठीवरची माशी हाकलली.

मी जिंकलो की हरलो, हे मी बरीच वर्षं ठरवत होतो. गाडी जड असताना मी ती उराशी धरली, आणि हलकी झाली त्या दिवशी देऊन टाकली. लोक म्हणतात बैलाची जखम बघून दिली. मलाही तसंच वाटतं, पण कधी कधी वाटतं, मागं घेतलेली गाडी मला माझी वाटेनाशी झाली असेल. दाजींनी ती पुढं कैक वर्षं हाकली. तळेगावच्या बाजारात भेटली की मी तिच्या चाकांकडं बघायचो. नक्ष्या शाबूत असायच्या.

दिवेलागणीला घरी पोचलो. मंडळीनं तूप गरम केलं, त्यात हळद कालवली आणि अंगणात आली. पांढऱ्याचा खांदा तिनं आधी मळला. तो डोळे मिटून उभा राहिला. मग ती तांबड्याकडं वळली. मी त्याचा कासरा धरून उभा होतो. तिचा हात जखमेजवळ येताना बघून त्यानं अंग चोरलं आणि तो दोन पावलं मागं सरला. माझी सवय अशी, की मागं सरणाऱ्या बैलाचा कासरा आवळायचा.

मी सैल सोडला. तो आणखी एक पाऊल मागं गेला, थांबला, आणि मग तिनं हात ठेवला तेव्हा हलला नाही.